मी काढलेली काळी पट्टी

लिहून ठेवणार: कृष्णात दाजी फाळके, वय ७४, धंदा पूर्वी भिंती व बोर्ड रंगवणे, नंतर त्वचारोगांची चित्रे काढणे, मूळ गाव कोरेगाव तालुक्यात, हल्ली राहणार कुपवाड, तालुका मिरज, जिल्हा सांगली.

माझे डोके ठिकाणावर आहे. उजव्या हाताला कंप आहे, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. पण काय कोणाला द्यायचे आणि काय कोणाच्या हाती लागू द्यायचे नाही, हे मला स्वच्छ कळते. मला कोणी धाक घातलेला नाही की गोड बोलून लिहून घेतलेले नाही. हे माझे चौथे मृत्युपत्र. आधीची तिन्ही मी स्वतः फाडली. त्यांतला एखादा तुकडा पुढे कोणी आणलाच तर तो रद्द समजावा. त्यांत खोटे काही नव्हते, पण प्रत्येक वेळी एक गोष्ट लिहायची राहत होती. ती राहिली की मी अंगणात फेऱ्या मारत बसतो, जेवण जात नाही, आणि मुलगी रेश्मा फोनवर विचारते, "आप्पा, काय होतंय?" काय होतंय ते या वेळी लिहितो.

वकील इंद्रजित खरमाटे यांनी दीड पानाचा मसुदा टाइप करून दिला होता. तो मी वापरत नाही. माझा कच्चा कागद बघून ते म्हणाले, "आवं नाना, ह्ये मृत्युपत्र हाय, आत्मचरित्र न्हवं." मी म्हणालो, मग जिथे कायदा कमी पडेल तिथे तुम्ही खुणा करा, बाकी मला लिहू द्या.

कलम १. कुपवाडचे राहते घर, दोन खोल्या आणि मागची पत्र्याची खोली, हे माझी एकुलती एक मुलगी रेश्मा हिला द्यावे. ती कोरेगावला शाळेत चित्रकला शिकवते. पत्र्याच्या खोलीच्या उत्तरेकडच्या भिंतीत मी मोठी खिडकी पाडलेली आहे. कातडीचा रंग उत्तरेच्या उजेडातच खरा दिसतो, म्हणून. ती खिडकी बुजवू नये. शेजारी भाऊसो आण्णा चव्हाण यांना दुसरे लेथ मशीन ठेवायला ती खोली भाड्याने हवी आहे, तीनदा विचारून झाले. भाऊसो माणूस लाखातला. मला चक्कर आली तेव्हा मशीन चालू टाकून त्याने मला गाडीवर घालून दवाखान्यात नेले. तरी खोली द्यायची की नाही हे रेश्मा ठरवेल. दिली तर खिडकीसकट द्यावी.

कलम २. गावाकडच्या जमिनीतला माझा हिस्सा भावजय शालूबाई लालासाहेब फाळके यांना. भाऊ लालासाहेब फौजेत असताना आणि नंतर तो वारल्यावरही ते रान तिनेच कसले. मी फक्त सातबारावर होतो. शेजारच्या रानाचा मालक नानासो दरसाल वीतभर बांध कोरत आला आहे. मी त्याला माफ केलेले नाही, हे त्याला कळावे म्हणून लिहितो. मात्र शालूबाईने कोर्टात जाऊ नये, तिचा जन्म त्यातच जाईल.

कलम ३. बँकेत जे काही आहे ते रेश्माचे. त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

कलम ४. माझी हत्यारेही रेश्माला. ब्रश, रंगाच्या चिनीमातीच्या बश्या, आणि मूठ तुटलेले भिंग. बारीकातले बारीक तीन ब्रश वेगळ्या डबीत आहेत. त्यांनी मी फक्त लव आणि खपली काढली, ते शाळेच्या पोरांच्या हाती देऊ नयेत. भिंग डॉक्टर श्रीपाद गुळवणी यांचे. ते माझ्याकडे कसे आले ते सांगतो.

१९७७ साली मी सांगली-कुपवाड रस्त्याच्या भिंतींवर मलमांच्या जाहिराती रंगवायचो. गजकर्ण, खरूज, नायटा, सगळ्यांवर एकच मलम, आणि शेजारी एक हात, त्या हातावर लाल गोल. एका सकाळी स्कूटरवरून एक चष्मेवाले गृहस्थ उतरले आणि भिंतीपुढे उभे राहिले.

"हा नायटा तू काढलास?"

"व्हय."

"नायटा कधी बघितलायस?"

"आवं, माज्याच हाताला हाय की."

"दाखव."

भर रस्त्यात त्यांनी माझे मनगट धरले आणि खिशातून भिंग काढले. "बघ. कड वर आलेली आहे. बारीक पुरळ आहे ते कडेला. मधली कातडी बरी होत चाललीय. आणि तू मधेच लाल भरलास. ज्या हाताने ब्रश धरतोस, त्या हातावरचंसुद्धा तू बघितलं नाहीस."

मला राग आला. पण बघितले तर ते म्हणत होते तसेच होते. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या सांगलीच्या दवाखान्यात गेलो. तिथेच त्यांनी पुढे त्वचारोगाची एक छोटी संस्था काढली. गेलो तो सतरा वर्षे राहिलो. पहिले तीन महिने त्यांनी मला ब्रशला हात लावू दिला नाही, हे भिंग हातात देऊन नुसते बघायला लावले; ते त्यांनी परत कधी मागितले नाही.

कलम ५. कपाटातली इंग्रजी पुस्तके रेश्माने हवी तर ठेवावीत, नाहीतर कोणा डॉक्टरला द्यावीत. डॉक्टर त्या पुस्तकांतून मला या धंद्याची हकीकत सांगायचे. छायाचित्रे नव्हती तेव्हा युरोपातले डॉक्टर चित्रकार पदरी ठेवत. पॅरिसच्या एका दवाखान्यात तर रोग्याच्या अंगावरून साचे घेऊन मेणाची हुबेहूब कातडी करत, वर खरे केस लावत. आणि ते करणारा माणूस आधी खोटी फळे बनवायचा. हे ऐकून मला फार बरे वाटले होते. फळवाला चालतो तर बोर्डवाला का नाही?

पण त्या पुस्तकांतली सगळी कातडी गोरी. गोऱ्या कातडीवर सूज लाल दिसते. आपल्या सावळ्या माणसावर ती जांभळट दिसते, तांबूस दिसते, काळ्यावर राखी दिसते, कधी नुसती चकाकी. डॉक्टर चिडून म्हणायचे, "ही पुस्तकं वाचून आलेला पोरगा आपल्या माणसाच्या अंगावर लाल शोधतो. लाल सापडत नाही म्हणून घरी पाठवतो." जतकडची एक बाई सहा वर्षे नायट्याचे मलम लावत आली होती, तिला नायटा नव्हताच, सोरायसिस होता. तिची पाठ हे माझे पहिले चित्र. गेरू, पिवळी माती आणि सावलीला निळा, या तिन्हींत मी आपल्या माणसांची कातडी बसवली.

कलम ६. माझ्याकडे एकूण दोनशे चौदा चित्रे आहेत. डॉक्टरांनी संस्था बंद करताना ती सगळी माझ्या नावे लिहून दिली, तो कागद पहिल्या फाइलीत आहे. त्यांतली एकशे त्र्याऐंशी हातापायांची, पाठीची, पोटाची आहेत. त्यांत तोंड नाही. ती मिरजेच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागाला द्यावीत.

इथे माझा पुतण्या ऋषिराज याच्याबद्दल लिहिणे भाग आहे. तिसऱ्या मृत्युपत्रात सगळी चित्रे मी त्याला दिली होती. तो पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. दिवाळीत आला तेव्हा म्हणाला, "तात्या, कॉम्प्युटरला कातडीचे रोग ओळखायला शिकवतायत. गोऱ्या कातडीचे ढिगानं फोटो हायत, आपल्या कातडीचे लय कमी. तुमची चित्रं सोनं हायत."

मला आनंद झाला. डॉक्टर जे पुस्तकांबद्दल म्हणायचे तेच हा यंत्राबद्दल म्हणत होता. मी विचारले, "आणि तोंडं असलेली?"

"सगळीच देऊ की. एकदा स्कॅन झाली की नाव कोण विचारतंय?"

पोरगा वाईट नाही. बापासारखाच सरळ आहे, मनात येते ते बोलतो. पण तो गेल्यावर मी ते मृत्युपत्र फाडले. बिनतोंडाची चित्रे यंत्राला शिकवायला महाविद्यालयाने जरूर द्यावीत, ऋषिराजच्या कंपनीलाही द्यावीत. त्यावर माझे नाव नसले तरी चालेल. नावाचे काय ते पुढच्या कलमात.

कलम ७. डॉक्टर गुळवणी यांच्याविषयी मी जे बोलत आलो ते मागे घेतो.

१९९० साली डॉक्टरांचे पुस्तक निघाले. आत माझी साठ चित्रे. माझे नाव कुठेही नाही. 'चित्रे संस्थेच्या संग्रहातून' एवढीच ओळ. मी चार वर्षांनी काम सोडले आणि तेव्हापासून ज्याला-त्याला सांगत सुटलो की गुळवणींनी माझे नाव खाल्ले. चहाच्या गाड्यावर सांगितले, पाहुण्यांत सांगितले, रेश्माच्या लग्नात सांगितले. २००९ साली ते वारले. मी मातीला गेलो नाही. भाऊसो म्हणाला, "चल गड्या, गाडी काढतो." मी पायाला दुखतंय म्हणून सांगितले. पायाला काही झाले नव्हते.

पुस्तक निघाले तेव्हा मी त्यांना विचारले होते, "साहेब, माझं नाव?" ते म्हणाले, "कृष्णात, तुला खरंच माहीत नाही?" मला माहीत होते. ते कारण मी आजवर कोणाला सांगितलेले नाही.

मी आता उठून चहा करून आलो. अंगणात चार फेऱ्या मारल्या. भाऊसोचे मशीन बंद आहे, त्यामुळे उगीच फार शांत आहे. लिहितो.

कलम ८. १९८६ च्या डिसेंबरात बयाबाई नावाची एकोणीस वर्षांची मुलगी दवाखान्यात आली. माहेर आटपाडीकडचे, बाप जोतीराम गडदे मेंढरे राखायचा, आई हरणाबाई. वर्षापूर्वी कुंडलला दिली होती. डाव्या गालावर रुपयाएवढा तांबूस चट्टा, दुसरा दंडावर. डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितले आणि कापसाची वात करून अंगाला लावत गेले. ती सांगायची, "हितं... हितं... हितं..." वात गालावरच्या चट्ट्याला लागली आणि ती गप्प राहिली. डॉक्टर वात फिरवतच होते, ती गप्पच. तिने डोळे उघडले आणि हसून विचारले, "सपलं व्हय?"

कुष्ठरोग होता, पण अगदी सुरुवातीचा. तेव्हा नव्या गोळ्या आल्या होत्या. सहा महिन्यांत पूर्ण बरी होशील, कोणाला लागण होणार नाही, असे डॉक्टरांनी तिला दोनदोनदा समजावले. चित्रासाठी विचारले, तेव्हा तिने मला विचारले, "ह्ये कुनाला दावणार?"

मी म्हणालो, "लोकांना कळावं म्हणून कागदावर छापायचंय. पण भिऊ नको, डोळ्यांवर काळी पट्टी येती. कुणी वळखत न्हाई."

"मग काडा."

तीन दिवस ती खिडकीशी बसली. गालाचा चट्टा दुसऱ्या दिवशीच झाला होता. तिसरा दिवस मी डोळ्यांवर घालवला. रोगाच्या चित्रात डोळ्यांना काही काम नसते, डॉक्टर तसे म्हणालेही. पण ती बघत होती, म्हणून मी काढत गेलो. तसे डोळे मला त्याआधी साधले नव्हते आणि नंतरही कधी साधले नाहीत.

छापायला देण्याआधी डॉक्टरांनी चित्रावर पारदर्शक कागद लावला आणि त्यावर काळी पट्टी स्वतःच्या हाताने चिकटवली. ते सगळे घेऊन मी छापखान्यात गेलो. टेबलावर चित्र ठेवले. पट्टीने अर्धे तोंड गेले होते. एक सावळी मुलगी, एक चट्टा आणि काळा दांडा. छापखान्याच्या माणसाने विचारले, "पट्टीसकट घ्यायचं ना?"

मी तो वरचा कागद सोलून काढला आणि म्हणालो, "न्हाई. असंच घ्या."

छापखान्याने चूक केली नाही. डॉक्टरांनी चूक केली नाही. ती पट्टी मी काढली. कारण मला वाटले, हे डोळे लोकांनी बघावेत. एवढेच कारण. याहून मोठे काही मी अडतीस वर्षे शोधत आहे, सापडले नाही.

पाचशे कागद छापले. खाली लिहिले होते, न दुखणारा, न खाजणारा चट्टा दिसला तर दाखवून घ्या. शाळांवर, चावडीवर, एसटी स्टँडवर संस्थेच्या पोरांनी दोन दिवसांत चिकटवले. कुंडलच्या बाजारात बयाबाईच्या दिराने तो बघितला. घरात गोळ्यांचे तिने सांगितलेले नव्हते. गालाला गजकर्ण आहे असे सांगितले होते. त्याच आठवड्यात सासरच्यांनी गाठोड्यासकट तिला आटपाडीच्या गाडीत बसवून दिले. नवऱ्याने दुसरे लग्न केले.

मे महिन्यात ती आईला घेऊन दवाखान्यात आली. काखेत घडी केलेला तो कागद. पंधरा-वीस माणसे बाकावर बसलेली होती. तिने कागद माझ्यापुढे उलगडला. चट्टा तोवर निम्मा पुसला होता.

"डोळ्यावर पट्टी येनार म्हनला हुता तुमी."

सगळे माझ्याकडे बघत होते. डॉक्टर आतून बाहेर आले होते. मी म्हणालो, "छापखान्यात ऱ्हायली."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितले. पट्टी त्यांच्याच हाताची, त्यांना काय कळायचे ते कळले. मग ते बयाबाईपुढे हात जोडून उभे राहिले. "बाई, माझ्या संस्थेनं छापलं. चूक माझी आहे."

हरणाबाई म्हणाली, "चूक कुनाची बी असूं द्या, डाक्टर. माजी पोर आता म्या कुटं ठिवू?"

डॉक्टरांनी ओळखीने तिला कुपवाडच्या एका कारखान्यात कामाला लावले. मला त्यांनी एक शब्दही विचारला नाही. विचारले असते तर बरे झाले असते.

मी पत्र्याची पट्टी आणि पाण्याची बादली घेऊन गावोगाव कागद खरवडत फिरलो. दोन महिने. कुंडलच्या स्टँडवर खरवडत होतो तर एक म्हातारा म्हणाला, "आता खरवडून काय उपेग? समद्यांनी बघितलंय." खरवडायला लागले की उलट माणसे गोळा व्हायची आणि ज्यांनी बघितले नव्हते तेही बघायचे.

त्यानंतर तीन वर्षांनी पुस्तक निघाले आणि माझे नाव त्यावर नव्हते. दुसऱ्याचे तोंड ज्याने उघडे टाकले, त्याचे नाव त्यांनी पुस्तकावर घातले नाही. माझ्या मते त्यांनी बरोबर केले. हे त्यांच्या मातीला जाऊन म्हणायला हवे होते.

बयाबाई अडतीस वर्षे माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून राहते. कारखान्यात पॅकिंगला होती, आता घरी असते. पूर्वी सकाळी सायकलवरून जायची, पुढे मोपेड घेतली. रस्त्यात दिसली की विचारते, "बरं हाय का?" मी म्हणतो, "हाय." ती पुढे जाते. तिच्या गालावर काहीही नाही. आज तिला बघून कोणी सांगू शकणार नाही की इथे चट्टा होता. मी सांगू शकतो, कुठून कुठवर होता तेसुद्धा.

कलम ९. तोंड दिसणारी चित्रे एकतीस. बयाबाईचे सोडून राहिली तीस. त्यांची नावे, गावे आणि तारखा निळ्या वहीत आहेत. माझ्या पश्चात रेश्माने ऋषिराजला बरोबर घेऊन त्या माणसांचा किंवा त्यांच्या वारसांचा शोध घ्यावा आणि ज्याचे चित्र त्याच्या हातात द्यावे. चारचौघांत देऊ नये. घरात बोलावले तरच आत जावे. कोणी म्हणाले की शिकायला ठेवा, तर लेखी घेऊन, चित्रातले डोळे झाकून महाविद्यालयाला द्यावे. जो सापडणार नाही त्याचे चित्र रेश्माने जाळावे. हे लिहिताना माझा हात थांबला होता. तरी लिहिले आहे.

कलम १०. बयाबाईचे मूळ चित्र माझ्या पश्चात बयाबाई जोतीराम गडदे हिला द्यावे.

कलम ११. या सगळ्याची व्यवस्था रेश्माने बघावी. तिला वेळ लागेल, सुट्ट्या जातील. तिला माझ्यामुळे बरेच काही ऐकून घ्यावे लागेल. हे तिच्यावर टाकतो आहे याची मला लाज वाटते.

पुढचा मजकूर आज सह्यांच्या वेळी, सगळ्यांसमोर, मीच लिहीत आहे.

आज सकाळी साडेदहाला घरी मागच्या पत्र्याच्या खोलीत इंद्रजित वकील, भाऊसो, रेश्मा आणि बयाबाई असे जमले. बयाबाईला माझ्या सांगण्यावरून रेश्मा बोलावून घेऊन आली. साक्षीदार म्हणून भाऊसो आणि वकिलांचा कारकून यायचा होता. कारकून आला नाही. इंद्रजित म्हणाले, तोवर वाचून तरी दाखवा. मी वाचायला लागलो. आठवे कलम आले तसा मी कागद खाली ठेवला. रेश्माने कागद घ्यायला हात पुढे केला. बयाबाई म्हणाली, "तू नगं. त्यांनाच वाचूं दे."

मी वाचले. छापखान्यापाशी आलो तेव्हा मला कागदावरून मान वर करता आली नाही. अकरावे कलम संपले. भाऊसो खिडकीतून बाहेर बघत होता. मग बयाबाईने विचारले, "डोळं चांगलं जमलं हुतं म्हनून?"

"व्हय."

"आणा बगू."

तिने मूळ चित्र कधी बघितलेलेच नव्हते, हे माझ्या तेव्हा लक्षात आले. तिने बघितला तो छापील कागद, तोही भिंतीवरून काढलेला. रेश्माने चित्र आणून दिले. बयाबाई ते घेऊन उत्तरेच्या खिडकीशी गेली आणि पाठमोरी उभी राहिली. मला बसवेना, मी उठलो, पुन्हा बसलो.

ती म्हणाली, "आईला दावायला पायजे हुतं. तिच्याजवळ माजा त्या वयातला एक फोटू नव्हता."

हरणाबाई जाऊन बारा वर्षे झाली.

मग ती वळली. "वकील, ह्ये मला कवा मिळणार म्हनला?"

"नानांच्या पश्चात," इंद्रजित म्हणाले. "म्हंजे नाना गेल्यावर."

"का? तोंड माजं. माजंच मला द्यायला ह्यांनी मरायची वाट कशाला बगायची?"

इंद्रजित माझ्याकडे वळून म्हणाले, "बराबर हाय त्यांचं, नाना. जे आपलं न्हाई ते मृत्युपत्रात घालता येत न्हाई."

म्हणून कलम १० मी रद्द करत आहे. चित्र मी तिला दिलेले नाही; तिचे होते ते ती घेऊन जात आहे. आणि हेच जर खरे, तर बाकीच्या तीस जणांनीही माझ्या मरणाची वाट का बघावी? कलम ९ मधले 'माझ्या पश्चात' हे शब्द मी खोडले आहेत, खोडल्यावर सही केली आहे. सोमवारी रेश्मा रजा काढते म्हणाली. वहीत पहिले नाव जतकडच्याच एका दुसऱ्या माणसाचे आहे. मी स्वतः जाणार. हात कापतो, पण दार वाजवता येते. त्याआधी मी मेलो तरच रेश्मा आणि ऋषिराज यांनी पुढे न्यावे.

मी म्हणालो, "बयाबाई, मला माफ..."

तिने हात वर केला. "त्ये आज न्हाई. कवा मनात आलं तर सांगाय यीन. न्हाई आलं तर न्हाई. लांब ऱ्हात न्हाई मी."

तिने चित्र रेश्माच्या ओढणीत गुंडाळले. निघाली असे वाटले, पण दारातून परत आली आणि वकिलांना विचारले, "दुसरा साक्षीदार आला न्हाई न्हवं?"

"न्हाई. दुपारी बघतो कुणीतरी."

"मी चालती का?"

इंद्रजित म्हणाले, "ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये. पण तुमचं कलम आता रद्दच झालंय. तुमाला ह्यातनं काय मिळत न्हाई. तुमी चालता."

मी म्हणालो, "बयाबाई, तू कशाला?"

"पट्टी तुमीच काडली, ह्ये ह्याच कागदात हाय न्हवं?"

"हाय."

"त्यवडंच ह्या कागदात माज्या कामाचं हाय. तवा त्या बाकावर पंदरा-वीस मान्सं बसली हुती, त्यातल्या एकानं बी खरं ऐकलं न्हाई. आज मी ऐकलं. मग सही दुसरा कोन करंल?" आणि इंद्रजितना म्हणाली, "माजं पुरं नाव लिवा. बापाच्या नावासकट."

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने लिहून, सगळ्यांसमोर वाचून, खाडाखोडीवर सह्या करून पुरे केले. यानंतर पाचवे लिहिणार नाही.

स्थळ: कुपवाड
तारीख: १९ नोव्हेंबर २०२५

(सही) कृष्णात दाजी फाळके

साक्षीदार
कृष्णात फाळके यांनी आमच्या दोघांच्या समोर सही केली व त्यांच्या समोर आम्ही केली.

१. (सही) भाऊसो आण्णा चव्हाण, वय ६६, धंदा लेथ कारखाना, राहणार कुपवाड

२. (सही) बयाबाई जोतीराम गडदे, वय ५८, राहणार कुपवाड
माझ्या हाताने लिहिते: ह्यांनी शुद्धीत वाचलं. मी समोर बसून सगळं ऐकलं.